बिनपावसाचं पाणी

१

डोळ्यांच्या दवाखान्याच्या छपरावरची बाग मेली, त्याला पाच दिवस झाले होते. मेली म्हणजे सुकली नव्हे. सुकलेलं झाड पाणी घातल्यावर निदान विचार तरी करतं. ही झाडं रोज पाणी पिऊन मेली होती.

डोळ्यांची पट्टी सुटलेल्या पेशंटला पहिल्यांदा हिरवा रंग दाखवायला इथे आणत. आता तो दोनशे चौरस मीटरचा गालिचा जुन्या पायपुसण्यासारखा दिसत होता, आणि ठिबकाच्या प्रत्येक भोकाभोवती एक पांढरी कड चमकत होती.

मीटरमावशीने त्या कडेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

"मीठ."

"ते आम्हालाही कळलंय, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दवाखाना त्यांचा, आणि घाईही त्यांचीच. "तळघरातली टाकी खारट झालीय. मिठाच्या दोन रिकाम्या गोण्या माळीबुवांच्या खोपटात सापडल्या. परवा शनिवारी बक्षिसाची कमिटी येतेय. आराखडेसाहेब म्हणतात, त्याआधी पोलिसांत द्या, म्हणजे दोष बागेचा नाही, माणसाचा हे कागदावर येईल. मी उद्या दुपारपर्यंत थांबवलंय त्यांना."

"का थांबवलंत?"

"बावीस वर्षं ओळखते मी माळीबुवांना. पण ओळख म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून तुम्हाला बोलावलं. खालच्या खोलीत ते आणि त्यांची मुलगी राहतात. तक्रार गेली की नोकरी गेली, आणि खोलीही."

मीटरमावशी पाणी खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. एकतीस वर्षं तिने लोकांच्या मीटरमध्ये डोकावून काढली. कोणी मीटर उलटा बसवला, कोणी काट्याला दोरा बांधला, कोणी कुत्रं बांधलं. माणसं खोटं बोलतात याचा तिला राग नव्हता. पाणी खोटं बोलत नाही, एवढ्यावर तिचं पोट भरलं होतं.

"आराखडेसाहेब कोण?" तिने विचारलं, जसं काही तिला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात ते स्वतःच जिन्यातून वर आले. चुरगळलेला तागाचा सदरा, मुद्दाम चुरगळलेला. त्यांनी मावशीकडे पाहून मान हलवली. "अच्छा, तुम्ही का त्या. बरं झालं आलात. पण इथे शोधायला काही उरलेलं नाही हो."

त्यांनी तिला ओळखलं नाही.

आठ वर्षांपूर्वी ही बाई सलग चार दिवस त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसली होती, आणि त्यांनी तिला ओळखलं नाही.

२

मारणारा विसरतो, ज्याच्या पाठीवर वळ असतो त्याला तारीख, वार आणि काठीची जाडीसुद्धा पाठ असते.

पुस्तकांच्या एका गोदामावर याच साहेबांनी अशीच बाग केली होती. पावसाचं जादा पाणी बाहेर न पडता छपरावर तुंबलं, कोपरा खचला, आणि रखवालदाराचा पाय गेला. साहेबांनी आराखडा पुढे केला. त्यात चार इंची नळ. भिंतीत बसवलेला तीन इंची. म्हणजे दोष बसवणाऱ्याचा. बसवणारा होता मीटरमावशीचा नवरा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याचा परवाना गेला, मग झोप गेली, आणि दोन वर्षांनी तोही गेला.

मावशीने तो राग लोकरीच्या शालीसारखा जपला होता. डांबराच्या गोळ्या घालून ठेवायचा, अधूनमधून ऊन दाखवायचं, कसर लागलेली नाही ना हे बघून परत घडी घालायची.

म्हणूनच तिने आज स्वतःला बजावलं: वैर असलं की बेरीज दोनदा करावी. ज्याचा राग येतो तोच चोर निघावा असं वाटणं हा मीटरमधला दोष आहे, आणि दोष असलेल्या मीटरचं रीडिंग कोणी धरत नाही.

ती आधी खोपटात गेली. माळीबुवा कुदळीचा दांडा पुसत बसले होते. आता उपयोग नसलेली वस्तू माणूस जास्तच पुसतो.

"ताई, मी बोललो होतो ते खरं आहे," त्यांनी आपण होऊनच सांगून टाकलं. "आपोआप ठिबकणाऱ्या नळ्या बसवल्या आणि टाकीच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो, ही बाग तुम्हाला लाभायची नाही. जीभ आहे, घसरली. पण झाडांवर राग काढायला मी काय सवत आहे त्यांची?"

"पानं कधीपासून करपायला लागली?"

"तीन आठवडे झाले. आधी कडा. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, उन्हाने होतंय, पाणी वाढवा."

"वाढवलंत?"

"नाही. रोजचं तीनशे लिटर, एक थेंब वर नाही. वाढवलं असतं तर आठवडाभर आधी मेली असती." त्यांनी एक जाड वही पुढे सरकवली. "यात आहे सगळं. एवढं मात्र माझ्याकडून कोणी काढून घेतलं नाही. कोणाला वाचायचंच नव्हतं."

वहीत रोज सकाळी आठला दोन नोंदी: पर्जन्यमापकात किती पाऊस, बागेला किती पाणी. टाकीत किती पाणी ही नोंद मात्र दीड महिन्यापूर्वी थांबली होती, किल्ली गेली त्या दिवशी.

कोपऱ्यात त्या दोन गोण्या पडल्या होत्या. पंचवीस-पंचवीस किलोच्या. मावशीने एक उलटी केली. तोंडाची शिलाई कापलेली नव्हती. दोरा एका टोकापासून अख्खा ओढून काढला होता, गोणी पुन्हा वापरता यावी म्हणून. आणि तळाशी, कपड्यांवर खुणा करतात त्या न पुसणाऱ्या शाईत, एक तारीख होती. दुसऱ्या गोणीवरही तारीख होती, पहिलीनंतर वीस दिवसांची.

"बुवा, ही तारीख तुम्ही घातलीत?"

"मला तर गोण्याच पहिल्यांदा दिसल्या, ताई. तारीख कुठून घालू?"

३

तळघरात टाकीच्या खोलीचं कुलूप आराखडेसाहेबांनीच उघडलं, आणि वाट बघत दारात उभे राहिले.

"व्यवस्था सोपी आहे, बाई. बागेपलीकडचं पत्र्याचं छप्पर, अडीचशे चौरस मीटर. त्यावर पडलेला पाऊस पन्हळीतून खाली येतो. पहिलं घाण पाणी वेगळ्या नळीत वळतं, बाकीचं गाळून या टाकीत. वीस हजार लिटर. इथून पंप, तिथून बाग. नळाचा एक थेंब नाही. बक्षीस त्याचंच आहे."

"आणि टाकी किती भरली होती?"

"मागच्या महिन्याच्या तीस तारखेला चौदा हजार. माझ्या अहवालात आहे. सहीनिशी." मग त्यांनी कोणी न विचारता पुढे सांगितलं, "चौदा हजार लिटरमध्ये पन्नास किलो मीठ. लिटरला साडेतीन ग्रॅम. झाडं मरायला भरपूर. हिशेब जुळतो."

"फारच जुळतो," मावशी म्हणाली. "रागावलेला माणूस एवढा मोजून मीठ टाकत नाही हो. माझ्यासारखी असती तर पाच गोण्या ओतून मोकळी झाली असती."

साहेब हसले. ती हसली नाही. तिने पिशवीतून पांढरा चिनी मातीचा कप काढला, टाकीत बुडवला आणि दिव्याखाली धरला. बराच वेळ धरला.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"पाणी," मावशी म्हणाली.

पांढऱ्या कपात पाण्याला एक पुसटशी निळी झाक होती. पाऊस निळा पडत नाही, आणि मीठही निळं नसतं.

साहेबांना फोन आला, ते बाहेर गेले. मावशी टाकीच्या मागच्या अंधारात वाकून शिरली. तिथे भिंतीतून आलेल्या नळाचा एक वीतभर तुकडा होता, ताजा कापलेला, तोंडाला टोपी चिकटवून बंद केलेला. तिने बॅटरी मारली.

सांध्यावर शिसपेन्सिलची एक आडवी रेघ होती. रेघेखाली दोन टिंबं. आणि टिंबांखाली बारीक अक्षरात: पान १७-ब, तारीख चार.

मावशीने बॅटरी आणखी जवळ नेली. रेघ, दोन टिंबं, आराखड्याच्या पानाचा नंबर, तारीख. हे सांधे तिने हजार वेळा पाहिले होते. ही खूण मिस्त्रीची होती, आणि मिस्त्रीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

४

मेलेला माणूस नळ जोडत नाही. पण शिकवून गेलेला माणूस दुसऱ्याच्या हातून जोडत राहतो. मिस्त्रीच्या हाताखाली टिकला तो एकच. तेव्हा त्याला सगळे 'पाना' म्हणत, आणि आता दवाखान्याचा प्लंबर झाल्यावरही पानाच म्हणत होते.

पाना पंपाच्या खोलीत सापडला. तिला पाहताच त्याच्या हातातला वायसर पडून गडगडत गेला.

"काकू! तुम्ही इथे?"

"तुझ्या काकांचं अक्षर बघायला आले. टाकीच्या मागे."

पानाने खाली वाकून वायसर उचलला. मावशीच्या मनात मात्र काही भलतंच उमललं होतं, आणि ते गोड होतं. या पोराने उस्तादासाठी सूड घेतला की काय? साहेबांची बाग जाळून? ती जर गप्प बसली, तर कोणाला कळणार होतं?

मग तिला कुदळीचा दांडा पुसणारे माळीबुवा आठवले, आणि गोड ते कडू झालं.

"सूड घेतलास?" तिने विचारलं. "तर मग म्हाताऱ्याच्या खोपटात गोण्या का टाकल्यास, रे?"

"गोण्या मी नाही टाकल्या, काकू! शप्पथ. आणि सूड कसला, मी नळ जोडला तो साहेबांच्याच सांगण्यावरून. पान सतरा-ब त्यांनीच हातात दिलं. 'चाचणी आहे, कोणाला बोलू नको.' बाग मेली, त्यानंतर दोन दिवसांनी म्हणाले, काप आणि बंद कर."

"आणि गप्प बसलास."

"साहेब म्हणाले, सांधा तुझ्या हातचा आहे. तुझ्या उस्तादाचं काय झालं ते आठव."

मावशी म्हणाली, "गुपचूप करायच्या कामावर नंबर आणि तारीख घातलीस, बावळटा?"

"सवय, काकू. काका कानफटात द्यायचे. म्हणायचे, कोणाच्या सांगण्यावरून जोडलं ते सांध्यावर लिहिलं नाही, तर उद्या तो सांधा अनाथ."

"ते पान कुठंय?"

"तेच सापडत नाही. साहेबांनी परत मागितलं होतं. मी लाँड्रीत काम करताना कुठेतरी ठेवलं, नि गेलं."

"लाँड्रीत?" मावशीने विचारलं. "टाकी तळघरात, आणि तू लाँड्रीत काय जोडत होतास?"

५

लाँड्री टाकीच्या बरोबर वर होती. वाफ, खळखळाट, आणि मध्ये उभी लाँड्रीताई, दंडावर चादरी टाकून, जणू सगळ्या दवाखान्याचं ओझं आपल्याच खांद्यावर.

"बाग मेली? मरू दे!" तिने स्वागतच असं केलं. "माझ्या चादरींचं ऊन खाल्लं त्या बागेने. आधी सगळं छप्पर माझं होतं, दोऱ्या होत्या. आता यंत्रात वाळवा म्हणे. मीच मारायला हवी होती, पण वेळ कोणाला आहे?"

"चादरी छान पांढऱ्या आहेत हो. नीळ घालता?"

"शेवटच्या पाण्यात. चिमूटभर." ताई जरा निवळली. "नीळ नसेल तर पांढरं हे पिवळंच."

"आणि हे कोपऱ्यातलं यंत्र?"

"ते पाणी मऊ करतं. आमचं पाणी जड, फेस येत नाही. हे मीठ खातं. दर तीन दिवसांनी आपलं आपण आंघोळ करतं आणि खारं पाणी ओकतं. वीस दिवसांत एक गोणी फस्त. मी प्रत्येक गोणीवर उघडल्याची तारीख घालते, नाहीतर म्हणतील बाई मीठ घरी नेते."

"रिकाम्या गोण्यांचं काय करता?"

"मळके कपडे भरते. दोन कमी आहेत. आराखडेसाहेब घेऊन गेले, मातीचे नमुने न्यायला."

मावशीने मान डोलावली, जसं काही कोणी हवापाणी सांगितलं. तिची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली होती. खिळ्याला कागदांची चळत टोचलेली, आणि सगळ्यांत वरच्या कागदावर: चादरी बेचाळीस, अभ्रे अडतीस, टॉवेल एकोणीस, एक फाटका.

"कागद चांगला जाड आहे."

"पाठकोरा आहे. पाना विसरून गेला एक. मी कागद टाकत नाही."

मावशी एकेक कागद उलटत गेली. औषधांची जाहिरात. जुना आहारतक्ता. आणि सातव्या कागदावर तिचा हात थांबला.

६

शुक्रवारी सकाळी अकराला सगळे मेलेल्या बागेत उभे होते. आराखडेसाहेब घड्याळ बघत होते.

"साहेब, एवढंच पक्कं करून द्या," मावशी म्हणाली. "तीस तारखेला टाकीत चौदा हजार लिटर. सगळं पावसाचं?"

"सगळं. शंभर टक्के."

"दुसरी कुठली जोडणी?"

"नाही. असती तर बक्षिसाला अर्थच नाही."

"आणि महिन्याच्या सुरुवातीला तुमच्याच आधीच्या अहवालात सहा हजार." मावशीने माळीबुवांची वही उघडली. "आणि ही बुवांची वही. तुमचे अहवाल आणि ही वही एकाच इमारतीत राहिले, पण कधी भेटले नाहीत. आज भेट घालून देते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. महिनाभरात पाऊस बारा मिलिमीटर, छप्पर अडीचशे मीटर. थेंब न सांडता तीन हजार लिटर. सहा नि तीन, नऊ. बागेने प्यायलं रोज तीनशे, तीस दिवस, म्हणजे नऊ हजार. टाकी ठणठणीत कोरडी हवी होती, साहेब. चौदा हजार आलं कुठून?"

साहेब म्हणाले, "माळ्याची वही आहे ती. खोटी असेल."

"असेल. मग पाण्यालाच विचारू." तिने पांढरा कप डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. "डोळ्यांच्या डॉक्टर आहात. रंग सांगा."

"निळसर," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"माझी नीळ!" लाँड्रीताई ओरडली. "माझी नीळ ह्याच्यात कशी गेली?"

"तुमच्या शेवटच्या पाण्याबरोबर, ताई. यांनी टाकी फार मोठी आखली आणि छप्पर फार लहान. कमिटी येणार आणि टाकी रिकामी. मग लाँड्रीचं पाणी गुपचूप टाकीत वळवलं. पण त्याच नळातून दर तीन दिवसांनी मिठाचं यंत्रही ओकतं, हे आराखड्यावर नव्हतं, आणि ताईंना विचारायचं साहेबांना सुचलं नाही. कपडे धुणाऱ्या बाईला काय विचारायचं! पानं करपली तेव्हा पाणी वाढवा म्हणाले. बाग मेली तेव्हा नळ कापला, आणि ताईंच्या दोन रिकाम्या गोण्या बुवांच्या खोपटात नेऊन ठेवल्या. तळाच्या तारखा वाचल्या नाहीत. दोन्ही गोण्या त्या-त्या तारखेपासून ताईंच्या यंत्राने खाल्ल्यात. बुवांना ओतायला त्यात काही नव्हतंच, आणि टाकीच्या खोलीची किल्लीही तुमच्याकडे."

"कल्पना छान आहे," साहेब म्हणाले. "नळ या प्लंबरने आपल्या मनाने जोडला असेल. याचा उस्तादही असलाच होता."

ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

मावशीने पिशवीतून कागद काढला. "चादरी बेचाळीस, अभ्रे अडतीस," तिने वाचलं, आणि कागद उलटा केला. "पान सतरा-ब. लाँड्रीचा नळ ते टाकी. खाली तुमची सही, तारीख तीन. सांध्यावर याच पानाचा नंबर आणि तारीख चार. नळ उरलाय अजून, खाली जाऊन बघा."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच मावशीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आठ वर्षांपूर्वीच्या पायऱ्या त्यांच्या डोळ्यांत हळूहळू चढून आल्या.

"तुम्ही... मिस्त्रीच्या..."

"बायको. उशिरा का होईना, ओळख पटली."

डॉक्टरीणबाईंनी माळीबुवांकडे पाहून हात जोडले. मग म्हणाल्या, "कमिटीला मी नको म्हणून कळवते."

"नका," मावशी म्हणाली. "येऊ द्या उद्या. हीच बाग दाखवा. मधोमध हे पान लावा, दोन्ही बाजूंनी वाचता येईल असं. आणि साहेबांना शेजारी उभं करा, समजावून सांगायला."

"हे सुडाने चाललंय!" साहेब ओरडले.

"हो. म्हणूनच बेरीज दोनदा केली." तिने वही मिटली. "चूक असेल तर दाखवा."

साहेब जिना उतरले तेव्हा माळीबुवांनी वाटेतली कुदळ उचलून बाजूला घेतली, पडू नयेत म्हणून. मावशीला ते जरा जास्तच वाटलं.

सगळे गेल्यावर पाना तिथेच घुटमळत राहिला.

"काकू, आता तरी माफ केलंत ना?"

"गोदामाच्या वेळी टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

पाना खाली बघत म्हणाला, "मी."

"आराखड्यात नळ किती इंची होता?"

"तीन. काका म्हणाले होते, लहान पडेल. साहेब म्हणाले, काढलंय तसं बसव. चार इंचीचं पान नंतर आलं, छप्पर खचल्यावर. मी घाबरलो होतो, काकू."

"आठ वर्षं मी त्या गोदामाच्या मालकाला म्हणतेय, भिंत फोडा. तो म्हणतो, बायको काय, काहीही सांगेल. कामावरचा साक्षीदार आणा." मावशीने पिशवी खांद्याला लावली. "भिंतीत तो सांधा अजून आहे. रेघ, दोन टिंबं, पानाचा नंबर आणि तारीख. नंबर तीन इंचीच्या पानाचा असेल; चार इंचीचं पान त्या तारखेनंतरचं आहे. काकांनी तो सांधा अनाथ सोडला नसेल."

"म्हणजे माफी..."

"माफी नंतर बघू. सोमवारी सकाळी नऊला गोदामापाशी ये. छिन्नी, हातोडा आणि फूटपट्टी आण." जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. "पेन्सिलही आण. भिंत बंद करताना या वेळी तुझं नाव घालायचंय."